लोहयुक्त एंझाइमे व ऑक्सिजनाचे सक्रियण

हवेतील ऑक्सिजन ज्या कार्बनी पदार्थांवर नेहमीच्या तापमानास जवळजवळ परिणाम करीत नाही, त्याच पदार्थांशी त्याचा संयोग सजीवांच्या कोशिकांत (पेशींत) सतत व शांतपणे होत असतो. हा संयोग एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने होतो. यांपैकी अनेक एंझाइमांच्या क्रियास्थानी लोहाचा एक अणू वा दोन अणू असतात. ऑक्सिजनाच्या रेणूची निष्क्रियता घालवून त्याला विक्रियेस योग्य अशा अवस्थेत आणण्याच्या क्रियेस ऑक्सिजनाचे सक्रियण म्हणतात. श्वसन, औषधांचे व विषांचे यकृतातील रूपांतर, संयोजी ऊतकातील (अवयवांना आधार देणाऱ्या कोशिकासमूहातील) कोलॅजेन या प्रथिनाची घडण इ. महत्त्वाच्या क्रिया या सक्रियणावर अवलंबून आहेत.

सक्रियणात निर्माण होणाऱ्या मधल्या अवस्था सेकंदाच्या अत्यल्प भागापुरत्याच टिकतात; त्या वेगळ्या काढून बाटलीत ठेवता येत नाहीत. म्हणून या विषयाचा इतिहास हा मुख्यतः वर्णपट वाचण्याचा इतिहास आहे. प्रथम दृश्य प्रकाशाच्या आणि नंतर क्ष-किरणांच्या वर्णपटांनी जी माहिती दिली ती रासायनिक विश्लेषणाने मिळण्याजोगी नव्हती. तथापि वर्णपटाचा अर्थ लावताना चुकाही झाल्या व त्या दुरुस्त होण्यास काही वेळा दशके लागली. या इतिहासातील एका टप्प्यात कमला भागवत (विवाहोत्तर कमला सोहोनी; १९११—९८) या मराठी स्त्री-वैज्ञानिकाचा सहभाग आहे.

समस्येचे स्वरूप : ऑक्सिजनाच्या रेणूत दोन अयुग्मित (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन असतात व त्यांचे परिवलन (स्वतःभोवतालचे फिरणे) एकाच दिशेचे असते. याउलट बहुतेक कार्बनी पदार्थांतील इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध परिवलनाच्या जोड्यांत असतात. पुंज सिद्धांतानुसार अशा दोन प्रकारच्या रेणूंमधील सरळ विक्रियेस अडथळा येतो. तूप, साखर वा लाकूड हवेत उघडे राहूनही आपोआप पेट घेत नाही, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. लोहाच्या अणूत अयुग्मित इलेक्ट्रॉन असू शकतात आणि एकेक इलेक्ट्रॉन देऊन वा घेऊन तो आपली संयुजा (इतर अणूंशी संयोग पावण्याची क्षमता) बदलू शकतो. त्यामुळे ऑक्सिजनाशी बंध जोडून हा अडथळा ओलांडणे त्याला शक्य होते.

तथापि अडथळा दूर करणे एवढेच पुरेसे नसते. ऑक्सिजनाच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू तयार होण्यास चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन लागतात. हे इलेक्ट्रॉन एकेक करून मिळाले व विक्रिया मध्येच थांबली, तर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड व हायड्रॉक्सिल मूलक असे उत्तरोत्तर क्षपण झालेले (इलेक्ट्रॉन मिळालेले) पदार्थ सुटे होतात. यांतील हायड्रॉक्सिल मूलक तर जवळच्या कोणत्याही जैव रेणूवर आघात करतो. म्हणून एंझाइमाने ऑक्सिजनाला सक्रियही करावे लागते व विक्रिया पुरी होईतो त्याला धरूनही ठेवावे लागते. लोह हे दुहेरी कार्य कसे करते, हा या संशोधनातील मूळ प्रश्न होय.

लोहाच्या कार्याचा शोध : चार्ल्स मॅकमन (१८५२—१९११) या इंग्लंडमधील वैद्याने १८८४ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या वर्णपटदर्शकातून प्राण्यांची ऊतके तपासली. त्याला रक्तातील हीमोग्लोबिनाच्या पट्ट्यांपेक्षा निराळे शोषण-पट्टे दिसले व ते श्वसनाशी संबंधित अशा रंगद्रव्याचे असावेत, असे त्याने प्रतिपादिले. फेलिक्स होप-झायलर या प्रतिष्ठित जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हे पट्टे हीमोग्लोबिनाच्या अपघटनातून आलेले आहेत, असा आक्षेप घेतला. त्यामुळे मॅकमन यांचे निरीक्षण त्यांच्या हयातीत दुर्लक्षितच राहिले.

डेव्हिड कायलिन (१८८७—१९६३) हे केंब्रिज येथे घोड्याच्या शरीरात वाढणाऱ्या एका माशीच्या जीवनक्रमाचा अभ्यास करीत असताना तिच्या उड्डाण-स्नायूंत त्यांना तेच पट्टे आढळले. यीस्टच्या निलंबनातही ते दिसले. हे निलंबन हवेत हलविले की पट्टे नाहीसे होत आणि यीस्टने ऑक्सिजन वापरून संपविला की ते पुन्हा उमटत. श्वसन चालू असताना रंगद्रव्याचे आळीपाळीने ऑक्सिडीकरण व क्षपण होते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. कायलिन यांनी १९२५ मध्ये या रंगद्रव्यास सायटोक्रोम हे नाव दिले व त्याचे ए, बी आणि सी असे घटक दाखवून दिले.

याच काळात जर्मनीत ओटो वॉरबुर्ख (१८८३—१९७०) हे लोहामुळेच ऑक्सिजन सक्रिय होतो, असे मांडीत होते; तर हाइन्रिख व्हीलांट (१८७७—१९५७) यांच्या मते श्वसनात मूलतः हायड्रोजन सक्रिय होत असतो. वॉरबुर्ख यांनी कार्बन मोनॉक्साइडाचा कौशल्याने उपयोग करून घेतला. या वायूमुळे अंधारात श्वसन मंदावते व प्रकाश टाकल्यास ते पूर्ववत होते. निरनिराळ्या तरंगलांब्यांच्या प्रकाशाचा परिणाम किती होतो हे मोजून त्यांनी श्वसन-एंझाइमाचा शोषण-वर्णपट अप्रत्यक्षपणे काढला. तो हीम या लोहयुक्त संयुगाच्या वर्णपटाशी जुळला. कोशिकेतून एंझाइम वेगळे न काढता त्याचे स्वरूप ओळखण्याच्या या कार्याबद्दल वॉरबुर्ख यांना १९३१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कायलिन व ई. एफ्. हार्ट्री यांनी १९३९ च्या सुमारास सायटोक्रोम ए३ हा घटक ओळखला व सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणजेच वॉरबुर्ख यांचे एंझाइम असल्याचे दिसून आले. हायड्रोजनाचे सक्रियण व ऑक्सिजनाचे सक्रियण या एकाच साखळीच्या दोन बाजू आहेत, हेही स्पष्ट होऊन जुना वाद मिटला. सायनाइडाने त्वरित मृत्यू येतो, तो या एंझाइमातील लोहाला सायनाइड जखडून टाकत असल्यामुळे.

वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज : हीच यंत्रणा वनस्पतींतही आहे काय, हा प्रश्न मात्र बराच काळ अनिश्चित होता. कायलिन यांना काही वनस्पति-ऊतकांत सायटोक्रोमाचे पट्टे दिसले होते; परंतु हिरव्या भागांत हरितद्रव्याचा रंग वर्णपटावर पसरतो आणि ऊतक कुटले असता त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये काळी पडून निरीक्षण अवघड होते. कापलेला बटाटा काळा पडतो तो अशाच विक्रियेमुळे. ही विक्रिया घडविणारी तांबेयुक्त एंझाइमेच वनस्पतींत ऑक्सिजन वापरीत असावीत, असेही मत होते. वनस्पती व प्राणी यांचे श्वसन मुळातच भिन्न आहे की एक, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते.

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत प्रथम क्रमांक मिळवूनही १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यापुढे त्यांनी आपला आग्रह सोडला नाही, तेव्हा पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे एम्. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम्.एस्‌सी. पदवी मिळविली. त्यानंतर संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही खुले झाले.

केंब्रिज येथे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर व नंतर रॉबिन हिल (१८९९—१९९१) यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल यांच्याबरोबर त्यांनी बटाटा व इतर वनस्पतींच्या ऊतकांपासून असे अर्क तयार केले की, ज्यांतील सूक्ष्मकण सायटोक्रोम सी चे ऑक्सिडीकरण करीत. फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजाविषयीचे त्यांचे संयुक्त टिपण नेचर या नियतकालिकात १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. सविस्तर लेख १९५१ मध्ये न्यू फायटॉलॉजिस्ट या नियतकालिकात आला. कमला भागवत यांना १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच्.डी. पदवी मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. यीस्ट, माशीचा स्नायू व बटाट्याचा कंद या सर्वांत ऑक्सिजन अखेरीस लोहयुक्त अशा एकाच प्रकारच्या एंझाइमाच्या स्वाधीन होतो, ही कल्पना या संशोधनाने दृढ झाली. वनस्पतींत याशिवाय सायनाइडाने न थांबणारा दुसरा मार्गही असतो. त्यातील एंझाइमही लोहयुक्तच असल्याचे नंतर आढळून आले.

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले व १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (आताची विज्ञान संस्था) जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागात त्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी सायटोक्रोमाचा विषय पुढे नेला नाही. देशातील कुपोषणाचा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटला. नीरेतील लोह व क जीवनसत्त्व यांविषयीच्या त्यांच्या कार्यास राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद त्यांना काही वर्षांच्या विलंबाने मिळाले. योगायोग असा की, शरीरात लोहयुक्त एंझाइमांच्या एका मोठ्या गटाचे कार्य नीट चालण्यास क जीवनसत्त्वाचीच गरज असते. हा गट पुढे वर्णिला आहे.

ऑक्सिजनाचा अणू पदार्थात घालणारी एंझाइमे : श्वसनात ऑक्सिजनाचे पाणी होते. पण तो पदार्थाच्या रेणूतही सरळ जातो, हे १९५५ मध्ये ओसामू हायाइशी व हॉवर्ड मेसन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी ऑक्सिजनाचा १८ अणुभारांकाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा भिन्न भाराचा प्रकार) खूण म्हणून वापरला. हायाइशी यांनी अभ्यासिलेल्या एंझाइमात हीम नसलेले लोह असते, तर मेसन यांच्या एंझाइमात तांबे असते. यकृतातील पी-४५० हे रंगद्रव्य १९५८ मध्ये आढळले. ते हीमयुक्त प्रथिन असल्याचे जपानचे त्सुनेओ ओमुरा व र्यो सातो यांनी १९६२—६४ या काळात दाखविले. कार्बन मोनॉक्साइडाच्या सान्निध्यात ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, यावरून हे नाव पडले. औषधांचे रेणू शरीराबाहेर टाकण्याजोगे करण्याचे काम मुख्यत्वे या कुलातील एंझाइमे करतात.

दुसऱ्या मोठ्या गटात लोहाबरोबर आल्फा-कीटोग्लुटारेट हे आम्ल लागते. कोलॅजेनातील प्रोलीन या ॲमिनो अम्लाचे हायड्रॉक्सिलीकरण करणारे एंझाइम याच गटातील असून त्याचे लोह कार्यक्षम ठेवण्यास क जीवनसत्त्व आवश्यक असते. ते न मिळाल्यास कोलॅजेन कमकुवत होऊन स्कर्व्ही रोग होतो. ऑक्सिजन कमी पडल्याचे कोशिकेस कळते तेही याच गटातील एंझाइमांमुळे. या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

क्ष-किरण वर्णपटविज्ञान : दृश्य प्रकाशाने हीम ओळखता येते. पण लोह व ऑक्सिजन यांतील अंतर किती, लोहाची संयुजा कोणती, हे त्यावरून थेट कळत नाही आणि हीम नसलेले लोह तर बहुधा फिकटच दिसते. क्ष-किरणांनी ही उणीव भरून काढली. लोहाच्या सर्वांत आतील कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास सु. ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. या ऊर्जेस लोहाचे क्ष-किरण-शोषण एकदम वाढते. त्या जागेस शोषण-सीमा म्हणतात. प्रथिनातील कार्बन, नायट्रोजन इ. अणूंच्या सीमा यापासून फार दूर असल्याने हजारो अणूंच्या प्रथिनातून केवळ लोहाची माहिती निवडून मिळते. लोहाची संयुजा वाढली की सीमा किंचित जास्त ऊर्जेकडे सरकते. सीमेच्या थोडे आधी दिसणाऱ्या लहान शिखराची उंची लोहाभोवतीच्या रचनेतील असममिती दर्शविते. लोह-ऑक्सिजन बंध आखूड असल्यास ते ठळक होते.

रासायनिक संयोगाने शोषण-सीमा सरकते हे १९२० नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमध्ये आढळले. सीमेपलीकडील बारीक चढउतारही तेव्हाच दिसले व १९३१ मध्ये राल्फ क्रोनिख यांनी त्यांची उपपत्ती मांडली. महाराष्ट्रात या शाखेचा पाया नागपूर विद्यापीठात चिंतामणी मांडे यांनी घातला. पॅरिस येथे ईव्हेत कोश्वा यांच्याकडे वक्र स्फटिकाच्या वर्णपटलेखकावर काम करून आल्यावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक मूलद्रव्यांच्या संयुगांतील शोषण-सीमांच्या सरकण्याचा अभ्यास केला. कोश्वा यांच्या सन्मानार्थ १९८२ मध्ये निघालेल्या क्ष-किरण वर्णपटविज्ञानावरील ग्रंथाचे ते एक संपादक होते.

डेल सेयर्स, एडवर्ड स्टर्न व फॅरेल लायटल यांनी १९७१ मध्ये सीमेपलीकडील चढउतारांचा खरा उपयोग दाखविला. अणूतून सुटलेला इलेक्ट्रॉन तरंगाप्रमाणे पसरतो, शेजारच्या अणूंवरून परावर्तित होतो व मूळ तरंगाशी त्याचे व्यतिकरण होते (दोन्ही तरंग एकमेकांत मिसळून शोषण कमीजास्त होते). या चढउतारांचे गणिती विश्लेषण केल्यास शेजारच्या अणूंची अंतरे सु. ०·०२ अँगस्ट्रॉमपर्यंत (१ अँगस्ट्रॉम = मीटरचा एक सहस्र कोट्यंश) अचूक मिळतात. यासाठी स्फटिक लागत नाही. विद्राव गोठविला तरी चालतो. विक्रियक मिसळून काही सहस्रांश सेकंदांत विद्राव गोठविल्यास मधली अवस्था पकडता येते. विरल जैव नमुन्यांना लागणारे तीव्र किरण सिंक्रोट्रॉन या वर्तुळाकार यंत्रापासून मिळू लागल्यावर हे शक्य झाले.

एंझाइमांच्या अभ्यासातील फलिते : हीमयुक्त क्लोरोपेरॉक्सिडेज या एंझाइमाच्या दुसऱ्या मध्यावस्थेत लोह-ऑक्सिजन अंतर १·८२ अँगस्ट्रॉम असल्याचे मायकेल ग्रीन, जॉन डॉसन व हॅरी ग्रे यांनी २००४ मध्ये दाखविले. लोह व ऑक्सिजन यांतील द्विबंध सु. १·६५ अँगस्ट्रॉम असतो. त्याहून हे अंतर बरेच जास्त असल्याने ऑक्सिजनावर प्रोटॉन बसलेला असला पाहिजे, असे अनुमान निघाले. या एंझाइमात व पी-४५० मध्ये लोहाच्या दुसऱ्या बाजूस गंधकाचा अणू असतो. तो इलेक्ट्रॉन पुरवून ऑक्सिजनाला प्रोटॉन ओढून घेण्यास समर्थ करतो. त्यामुळे एंझाइम स्वतःच्या प्रथिनाची हानी न करता दुसऱ्या रेणूतील हायड्रोजन काढू शकते. अशा रीतीने लोह ऑक्सिजनाला सक्रिय करूनही आवरते कसे, या मूळ प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर बंधाच्या लांबीवरून मिळाले. आल्फा-कीटोग्लुटारेट गटातील टॉरीन डायऑक्सिजनेज या एंझाइमातही चार संयुजेचे लोह व १·६२ अँगस्ट्रॉम लांबीचा ऑक्सिजन-बंध २००४ मध्ये आढळला.

सायटोक्रोम ऑक्सिडेजाविषयीचा अनुभव वेगळा होता. लिंडा पॉवर्स, ब्रिटन चान्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये त्यातील लोह व तांबे यांच्यातील अंतर सु. ३·७५ अँगस्ट्रॉम असून त्यांच्यामध्ये गंधकाचा दुवा असल्याचे अनुमान काढले. जपानमध्ये गाईबैलांच्या हृदयातील आणि जर्मनीत एका सूक्ष्मजंतूतील एंझाइमाची स्फटिकरचना १९९५ मध्ये निश्चित झाली, तेव्हा हे अंतर अनुक्रमे सु. ४·५ व ५·२ अँगस्ट्रॉम निघाले व गंधकाचा दुवा आढळला नाही.

मिथेनाचे मिथेनॉल करणाऱ्या मिथेन मोनोऑक्सिजनेज या सूक्ष्मजंतूंतील एंझाइमाची कथा याहून बोधप्रद आहे. त्याच्या 'क्यू' या मध्यावस्थेतील दोन लोह-अणूंत २·४६ अँगस्ट्रॉम इतके कमी अंतर असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून दोन लोह व दोन ऑक्सिजन अणूंची चौकटीसारखी रचना मानली गेली व प्रयोगशाळेत तशी कृत्रिम संयुगे बनविण्याचे प्रयत्न झाले. अधिक निवडक अशा तंत्राने २०१८ मध्ये पुन्हा मापन केले असता हे आखूड अंतर दिसलेच नाही; त्याऐवजी ३·४ अँगस्ट्रॉम अंतर मिळाले. आधीची खूण उपकरणातील धातुरूप लोहाकडून आलेल्या किरणांची असण्याचा संभव दाखविण्यात आला. नमुन्यातील लोह अत्यंत विरल असताना उपकरणातील लोहाचा अंशही फसवू शकतो, हे यावरून लक्षात आले. या मध्यावस्थेच्या रचनेविषयी अद्याप पूर्ण एकमत झालेले नाही.

मर्यादा व पुढील विकास : क्ष-किरणांमुळे नमुन्यात सुटे इलेक्ट्रॉन निर्माण होतात व ते लोहाचे क्षपण करतात. म्हणजे जी अवस्था पाहावयाची तीच पाहताना बदलण्याचा धोका असतो. नमुना अतिशीत ठेवणे व प्रत्येक वेळी नवीन जागेवर किरण टाकणे हे त्यावरील नेहमीचे उपाय होत. क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या अतिशय अल्पकालिक स्पंदांमुळे हानी होण्यापूर्वीच मापन पुरे होते. या पद्धतीने जपानमध्ये २०१४ साली सायटोक्रोम ऑक्सिडेजाची हानिमुक्त रचना मिळविण्यात आली.

भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २·५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन असून त्यावर क्ष-किरण-शोषणाच्या मापनाची सोय मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील वैज्ञानिकांनी उभारली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हीमयुक्त प्रथिने व पी-४५० कुलातील एंझाइमे यांचा चुंबकीय व वर्णपटीय पद्धतींनी अभ्यास झालेला आहे. मिथेनासारख्या निष्क्रिय वायूचे नेहमीच्या तापमानास उपयुक्त द्रव्यात रूपांतर करणारे स्वस्त लोहयुक्त उत्प्रेरक तयार करणे, हे या संशोधनाचे एक व्यावहारिक उद्दिष्ट आहे.